रेशमाचा किडा आणि आविलाची तेरेजा

मागच्या वेळी आम्ही गटाच्या वह्या कशा लिहायच्या ते सांगितलं होतं. आजचं बोलणं वहीचं नाही. ईस्टर नुकताच झाला, तर तुमच्यातल्या श्रद्धेबद्दल काही बोला, असं रेडिओच्या ताई म्हणाल्या. आम्ही आधी नाहीच म्हणालो. धर्माचं बोलायला लागलं की ऐकणारीला वाटतं, ही आता आपल्याला काही पटवायला आली. तसं काही मनात नाही. आमच्या अकराजणींच्या गटात पाचजणी आम्ही ख्रिस्ती, पाचजणी हिंदू आणि बौद्ध, एक मुसलमान. ज्या प्रश्नापासून हे बोलणं सुरू झालं तो प्रश्नही आमच्यातल्या एका वारकरी मावशीचाच.

फेब्रुवारीतली गोष्ट. गटातल्या एका ताईच्या शेडवर आम्ही सगळ्या चंद्रिका टाकायला जमलो होतो. जालना जिल्ह्यात आता रेशीम नवं राहिलेलं नाही. पूर्वी कोष विकायला पार कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, आता जालन्यातच बाजार आहे. ज्यांनी किडे पाळलेत त्यांना ठाऊक आहे, किडा पिकायला लागला की एका दिवसात सगळं उरकावं लागतं. 100 अंडीपुंजांतून 40 हजारांच्या वर किडे निघतात. ते पाला खायचं सोडतात, अंग पिवळसर, आरपार दिसेल असं होतं आणि मान वर करून आधार शोधत फिरतात. तेव्हा चंद्रिका तयार नसली तर गेलं पीक.

तर अशा घाईत मावशी म्हणाली, "आमच्यात पंढरीला जाऊन पायावर डोकं ठेवलं की भेट झाली म्हणतात. तुमच्यात देव भेटला म्हणजे काय होतं गं?"

आम्ही पाचजणी एकमेकींकडे बघत राहिलो. मिस्सा कशी असते ते सांगता आलं असतं. उपवास कधी, नाताळ कसा, हेही. पण देव भेटल्यावर माणसाचं काय होतं, हे आम्हांला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. शेवटी एकजण म्हणाली, "सिस्टरला विचारून सांगते." मावशी हसली.

सिस्टरनं उत्तर दिलं नाही. तिनं उपवासकाळात दर बुधवारी आम्हांला बोलावलं आणि एका बाईनं लिहिलेलं पुस्तक थोडं थोडं वाचून मराठीत समजावून सांगितलं. ती बाई म्हणजे आविलाची संत तेरेजा. कोलकात्याच्या मदर तेरेसा वेगळ्या, त्या आपल्या काळातल्या. ही स्पेन देशातली, 1515 साली जन्मलेली. म्हणजे शिवाजी महाराजांच्याही शंभराहून जास्त वर्षं आधीची. देवाशी एक होणं म्हणजे काय, हे सांगायला तिनं कशाचा दाखला द्यावा? रेशमाच्या किड्याचा.

आम्ही ते ऐकून अक्षरशः उठून बसलो.

तिचं पुस्तक 1577 सालचं, नाव 'अंतरीचा किल्ला' असं म्हणता येईल. माणसाचा जीव हा एक किल्ला आहे, त्यात सात दालनं आहेत आणि सगळ्यांत आतल्या दालनात देव राहतो, अशी तिची मांडणी. देव लांब कुठं नाही, आपणच आपल्या घराबाहेर ओसरीत बसलोय, असा त्याचा अर्थ. किडा येतो पाचव्या दालनात. ती म्हणते, बारीक दाण्यासारखी अंडी असतात, ऊब मिळाली आणि तुतीला पाला फुटला की त्यांत जीव येतो. पाला खाऊन किडा मोठा होतो, मग तोंडानं सूत काढून स्वतःभोवती घर विणतो आणि त्यात मरतो. बाहेर येतं ते पांढरं पाखरू. आपलंही तसंच. पाला म्हणजे देवानं ठेवलेली मदत : पापनिवेदन, चांगली पुस्तकं, प्रवचन. सूत म्हणजे आपली थोडी धडपड, मीपणा सोडायची. आणि कोष म्हणजे खुद्द ख्रिस्त. संत पौलानं आपल्या पत्रात लिहिलंय की विश्वास ठेवणाऱ्याचं जीवन ख्रिस्ताच्या ठायी लपवलेलं असतं, त्याचाच आधार तिनं घेतलाय. त्या घरात जुना 'मी' संपतो आणि दुसराच कुणी बाहेर येतो.

आता तुमच्यातल्या रेशीमवाल्या म्हणतील, किडा मरत नाही, आत त्याची अळी बदलून प्यूपा होते. बरोबर आहे. आणि आपण पाखरू बाहेर येऊच देत नाही, कारण त्यानं कोष फोडला की अखंड धागा मिळत नाही. बियाण्याला ठेवलेल्या कोषांतूनच काय ती पाखरं निघतात. तेरेजानं किडे पाळले नव्हते. तिनं तिथंच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, चुकलं तर दोष माझा नाही. आमच्या एका ताईला हीच गोष्ट सगळ्यांत आवडली. म्हणाली, "संत असून म्हणते की मला माहीत नाही, ऐकलंय. आपल्याकडं सोसायटीचा चेअरमन असं कबूल करत नाही."

पण कात टाकण्याचं ती काही बोललेली नाही, आणि ते आम्हांला त्यात जोडावंसं वाटलं. किडा चार वेळा कात टाकतो. तेव्हा तो खात नाही, हलत नाही, डोकं वर करून थांबून राहतो. नवीन माणसाला वाटतं किडे आजारी पडले आणि ते घाबरून पाला टाकतात. जुनी बाई सांगते, हात लावू नको, चुना मार आणि थांब. बाहेरून काही होत नाही असं दिसतं तेव्हाच आत काम चालू असतं. आम्ही हे सिस्टरला सांगितलं, तर तिनं वहीत लिहून घेतलं.

तेरेजाचं स्वतःचं आयुष्यही असंच थांबलेलं होतं, आणि पुष्कळ वर्षं. ती विशीत, 1535 साली, मठात गेली. सिस्टर झाली म्हणजे देव भेटला, असं आपल्याला वाटतं. ती सांगते तसं अजिबात नव्हतं. मठ मोठा, पैसेवाल्या घरच्या बायकांना वेगळ्या खोल्या, गरीब घरच्यांना एकत्र झोपायची जागा. भेटायला येणारे-जाणारे, गप्पा, मानपान. प्रार्थनेला बसली की तिचं लक्ष तास कधी संपतो इकडं. घड्याळाचा ठोका कानात तेल घालून ऐकायची, हे तिनंच लिहिलंय. मध्ये काही काळ तर तिनं एकान्तातली प्रार्थना सोडूनच दिली होती. अशी जवळजवळ वीस वर्षं गेली. मग 1554 साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मठात आणून ठेवलेली जखमी ख्रिस्ताची एक मूर्ती तिनं पाहिली आणि ती तिथंच कोसळून रडली. तिथून ती बदलली.

म्हणजे नाव आधी आलं, वेष आधी आला, आतलं काम वीस वर्षांनी झालं.

हे ऐकताना आम्हांला आपल्या इकडच्या एका बाईची आठवण झाली, तिचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पंडिता रमाबाई. पुण्यात शाळेत असताना आम्ही सहलीला दौंड तालुक्यात केडगावला गेलो होतो, मुक्ती मिशन बघायला. रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते पुस्तकांत आहे. 1889 साली त्यांनी विधवा मुलींसाठी मुंबईत शारदा सदन काढलं. एवढं काम, एवढं नाव. आणि त्याच रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहिली, तेव्हा कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षं आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्मातले विचार पटले होते, म्हणून तो घेतला होता. मुळात जोडलं जाणं राहिलं होतं. ते 1891च्या सुमाराला झालं.

बघा, लोक एवढे भांडले कशावरून? तिनं धर्म बदलला यावरून. आणि ती बाई स्वतः म्हणते, खरा बदल तर त्यानंतर आठ वर्षांनी झाला. त्या वेळी वर्तमानपत्रांत एक ओळसुद्धा आली नसेल.

तो बदल दिसला कशात? 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरत होत्या. रमाबाई स्वतः लहानपणी दुष्काळातून वाचलेल्या, आईवडील आणि बहीण त्यांनी भुकेनं गेलेली पाहिलेली. त्या तिकडं गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालेलं काम तिथून सगळ्या जातींच्या, टाकून दिलेल्या बायकांचं झालं. केडगावात शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. शेवटी रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून. आणि मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. 1922 साली त्या वारल्या. आम्हांला विचाराल तर तो छापखाना हेच एक मोठं प्रवचन आहे.

तेरेजाचंही तेच. बदलल्यावर ती डोळे मिटून बसली नाही. 1562 साली तिनं पहिला छोटा मठ काढला, मरेपर्यंत सतरा झाले. बैलगाडीसारख्या गाड्यांतून, आजारपणात, कर्ज काढून फिरली. तिच्या मठात कुणाला कुळाचा मान नाही. तिचे आजोबा मुळात ज्यू, धर्म बदललेले, आणि त्या काळी स्पेनमध्ये रक्त शुद्ध आहे का हे विचारायची रीत होती. हा विषय तिला आतून माहीत होता. तिनं नियम लिहिला की झाडण्याच्या पाळीत पहिलं नाव मठप्रमुख बाईचं असावं. आणि पोटापुरतं सूत कातून कमवायचं. एका अर्थानं बचत गटच.

देवाशी एकरूप होणं म्हणजे स्वतः देव होणं, असं ख्रिस्ती शिकवण म्हणत नाही. माणूस माणूसच राहतो. येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांना द्राक्षवेलीचा दाखला दिला : वेल मी, फांद्या तुम्ही. फांदीला घड लागतो तो वेलीत राहिली म्हणून. तुटली की ती सरपण. फांदीनं जोर लावून घड आणायचा नसतो, जोडलेलं राहायचं असतं. द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाणाऱ्या बायकांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

पण जोडलेले आहोत की नाही हे कळायचं कसं? आमच्या मावशीचा मूळ प्रश्न हाच होता. तेरेजा याचं उत्तर सरळ देते. देवावर आपलं प्रेम आहे की नाही हे आपल्याला नक्की समजत नाही, पण शेजारणीवर आहे की नाही हे समजतं. ती आपल्या सिस्टरांना म्हणते, प्रार्थनेत तोंड लांब करून, जराही हलायचं नाही म्हणून बसलेल्या बायका पाहिल्या की मला वाटतं, यांना एकरूप होण्याचा रस्ता ठाऊकच नाही. एखादी आजारी बाई दिसली आणि तिला तुमचा उपयोग होण्यासारखा असला, तर भक्ती बुडेल याची पर्वा करू नका, उठा आणि जा.

सिस्टरनं हे वाचलं तेव्हा आमच्यात कुणी मान वर केली नाही. त्याचं कारण सांगायला हवं.

आमच्या गटात आधी बाराजणी होत्या. बारावीनं अंतर्गत कर्ज घेऊन शेड उभी केली, पहिल्याच पिकाला रोग लागला, किडे काळे पडून गेले. तीन हप्ते थकले. त्यामुळं बँकेकडं गटाची वही अडकली आणि सगळ्यांचंच कर्ज पुढं ढकललं गेलं. आम्ही भर बैठकीत तिचं नाव वाचलं. नुसतं वाचलं असतं तर नियमच होता. पण आम्ही म्हणालो, रॅक उचलून आणू. कुणीतरी हसलंही. ती उठून गेली, परत आली नाही. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची.

ती ख्रिस्तीच आहे. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मागं बसते. मिस्सेत एक वेळ येते, तेव्हा शेजारच्यांना हात जोडून शांती द्यायची असते. आम्ही दोन वर्षं पुढं तोंड करून, डावीकडं, उजवीकडं शांती दिली. मागं वळलो नाही. आणि नंतर रांगेत जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतला. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि कुणाचं मन तुमच्याविरुद्ध आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करा, हे येशूचं सांगणं आम्हांला तोंडपाठ आहे. कॅटेकिझमच्या परीक्षेत आम्ही ते लिहिलंय.

मार्च महिन्यात कळलं की तिनं पुन्हा पीक घेतलंय, उसनवारी करून, आणि किडे चौथी कात टाकून उठलेत. शेवटची अवस्था. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, सगळ्या आयुष्यातला बहुतेक पाला किडा या सात-आठ दिवसांत खातो. फांद्यांचे भारे वाहून खांदे सोलतात. आणि ती तापानं पडली होती. नवरा ऊसतोडीला. पोरगी दहावीच्या परीक्षेला.

शुक्रवार होता, संध्याकाळी क्रूसाची वाट होती. आमच्यातली एकजण म्हणाली, आधी चर्चला जाऊ, मग बघू. दुसरी म्हणाली, ती आपल्या दारात आली होती का? तिसरी काही बोलली नाही, घरात गेली आणि विळा घेऊन आली. तिनं कुणाला चला म्हटलं नाही. आम्ही तिघी मागोमाग निघालो. एक चर्चला गेली, आणि अजूनही तिला वाटतं की तिचंच बरोबर होतं. वारकरी मावशीला रस्त्यात कळलं, तीही आली. तिचा यात काही संबंध नव्हता.

सहा दिवस आम्ही पाळीपाळीनं पाला घातला. पहिल्या दिवशी ती अंथरुणावरून म्हणाली, "कशाला आलात?" त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. क्षमा कर म्हणायचं ठरवून गेलो होतो, ते तोंडातून निघेना. कपाशीच्या भावावर बोललो. चौथ्या दिवशी तिनं चहा ठेवला, साखर मावशीच्या कपात जास्त, आमच्या कपात बेताची. क्षमेचं आम्ही सहाव्या दिवशी, चंद्रिका टाकताना, पाठमोऱ्या उभ्या राहून बोललो. ती म्हणाली, "किडे आधी बघा, तिकडचे खाली पडतायत." एवढंच.

पीक पूर्ण आलं नाही. उन्हाळ्यात शेड तापली, काही किडे गेले. जे कोष आले ते तिनं जालन्याला नेऊन विकले. ईस्टरच्या मिस्सेत शांती द्यायच्या वेळी आम्ही मागं वळलो. तिनं हात जोडले. नजर मात्र खाली होती.

मावशीनं परवा पुन्हा विचारलं, "मग काय सांगितलं सिस्टरनं? देव भेटल्यावर काय होतं?" आम्ही तिला किड्याची गोष्ट सांगितली, तेरेजाची, रमाबाईंची. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि तुमचं?" आमचं अजून काही सांगता येण्यासारखं नाही. दोन वर्षं ज्या बाईकडं पाठ केली होती तिच्याकडं तोंड झालंय, एवढं खरं. आतलं पाखरू झालं की कात टाकणं चाललंय, हे आमचं आम्हांला दिसत नाही.

गटाची बैठक येत्या गुरुवारी आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय तिच्या थकलेल्या तीन हप्त्यांचा आहे : व्याज सोडायचं का, हप्ते लहान करायचे का, आणि तिला पुन्हा सभासद करायचं का. व्याज सोडायला सगळ्या तयार नाहीत, आणि त्यांचंही चुकीचं नाही, पैसा सगळ्यांचा आहे. तिला निरोप पाठवलाय. आम्हांला वाटतं निरोपावर भागणार नाही, बुधवारी संध्याकाळी आम्ही तिच्या घरी जाऊन येऊ.

पुढच्या वेळी आमच्यातली दुसरी ताई तुतीच्या बागेला उन्हाळ्यात पाणी कसं पुरवायचं ते सांगणार आहे. नमस्कार.